म्यानमारचं चलन 'क्यात' की 'चॅट'? या नावाचा अर्थ काय, आणि ते आलं कुठून?

तराजू

मराठी वर्तमानपत्रांत म्यानमारच्या चलनाचं नाव 'क्यात' असं छापून येतं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही तेच. बर्मी माणूस मात्र हे नाव घेताना 'क' उच्चारत नाही आणि 'त'ही उच्चारत नाही. तो म्हणतो 'चॅ', आणि शेवटी श्वास घशातच झटकन अडवतो. इंग्रज लोक या अडवलेल्या श्वासासाठी रोमन लिपीत 'टी' लिहीत, म्हणून रोमन स्पेलिंगच्या शेवटी 'टी' आला आणि आपण त्यावरून 'क्यात' वाचलं. इथे सोयीसाठी 'चॅट' लिहू.

बर्मी लिपीत हा शब्द अक्षरशः 'क्यप्' असा लिहितात. म्हणजे शेवटी 'प' आहे! पगान या जुन्या बर्मी राजधानीच्या शिलालेखांत, आजपासून आठ-नऊशे वर्षांपूर्वी, त्याचं रूप 'क्ल्यप्' असं सापडतं. तेव्हा हे सगळे वर्ण खरोखर उच्चारले जात असणार. पुढे बोलण्यात 'क्य'चा 'च' झाला, शब्दाच्या शेवटचे क, च, त, प हे सगळे घशातल्या एका झटक्यात विरून गेले. लिखाण जुनंच राहिलं, जीभ पुढे गेली. आँग सान सू ची यांच्या नावातला 'ची' रोमन लिपीत 'के-वाय-आय' असा लिहितात, तोच हा नियम. त्यांचं नाव आपण बरोबर म्हणायला शिकलो, चलनाचं मात्र राहून गेलं.

आता अर्थाकडे. 'क्यप्' हे मुळात नाण्याचं नावच नाही, ते वजनाचं नाव आहे. पूर्ण रूप 'चॅथा'. एक चॅथा म्हणजे साधारण 16.33 ग्रॅम. शंभर चॅथा मिळून एक 'पेइथा', म्हणजे 1.633 किलो. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या पेइथाला 'व्हिस' म्हणतात आणि चॅथाला 'टिकल'.

ब्रह्मदेशात पगानच्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राजाचं नियमित नाणंच नव्हतं. त्याआधी प्यू लोकांची चांदीची नाणी होती, शंख आणि श्रीवत्स कोरलेली, सुंदर. पण पगानचं राज्य उभं राहिलं आणि नाणी बंद झाली. जमीन घ्यायची, विहाराला दान द्यायचं, गुलाम विकत घ्यायचा, तर चांदी तोलून द्यायची. शिलालेखात 'इतके क्ल्यप् चांदी' असं लिहायचं. चांदीला बर्मी शब्द 'ङ्वे', आणि आजही 'ङ्वे' म्हणजेच पैसा.

म्हणजे 'तुझ्याकडे किती पैसे आहेत' या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ आठशे वर्षं वजनातच दिलं गेलं. मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. आपल्याकडे रुपया हे नाव आधी नाण्याला मिळालं. तिथे नाव वजनाचं होतं, आणि नाणं त्यामागून फार उशिरा आलं. ज्यांना या विषयातलं काही ठाऊक आहे त्यांनी जरूर लिहा. मला विशेषतः मिंडोन राजाच्या नाण्यांबद्दल आणि ब्रिटिश काळाबद्दल बोलायचं आहे.

बंदरावरचा

फार छान विषय काढलात. जहाजावर असताना रंगूनला पुष्कळदा जाणं झालं. उच्चाराबद्दल एक भर घालतो. संख्येला जोडून बोलताना हा शब्द आणखी बदलतो. तीन, चार, पाच यांच्या पुढे आला की 'च'चा 'ज' ऐकू येतो. सुरुवातीला मला वाटायचं की चार चॅट आणि एक चॅट ही दोन वेगळी नाणी आहेत.

आणि हे वजन अजून जिवंत आहे हो. मंडईत भाजी, मासे, मटण पेइथाच्या हिशेबात मिळतं. पाव पेइथा म्हणजे पंचवीस चॅथा, त्याला 'असेइथा' म्हणतात. अर्धा पेइथा म्हणजे 'ङासेइथा', पन्नास चॅथा. कोळंबी विकणारी बाई एका दमात वजनाचा चॅथा आणि किमतीचा चॅट दोन्ही बोलते, आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नाही, कारण वजन सांगताना शेवटी 'था' लावायचा असतो.

मोठ्या रकमा मात्र आपल्यासारख्याच. लाखाला 'थेइं' हा स्वतंत्र शब्द आहे. गाडीची, घराची किंमत थेइंमध्येच सांगतात. 'दहा लाख'साठी वेगळा शब्द आहे आणि कोटीसाठीही.

अपर्णा_पाली

बंदरावरचा, कोटीचा तो शब्द म्हणजे पाली 'कोटि'च. लिहितात 'कुटे', म्हणतात 'गडे'. थेरवादी बौद्ध देश असल्यामुळे मोठ्या संख्यांत पालीची छाप आहे.

पैशाच्या शब्दांतही भारत ठिकठिकाणी दिसतो. नाण्याला बर्मीत 'दिंगा' म्हणतात, तो 'टंक'शी जोडला जातो. आपला 'टंकसाळ' त्याच घरातला. रोजच्या बोलण्यात पैशाला 'पाइकसान' म्हणतात, तो आपल्या 'पैसा'वरून आला असं मानतात. 'व्हिस' हे व्यापाऱ्यांनी वापरलेलं नाव तमिळ 'वीसै'वरून आलं. मद्रासकडे त्याच नावाचं वजन होतं, पण ते बर्मी पेइथापेक्षा थोडं हलकं.

क्यप् मात्र वेगळा दिसतो. पगानच्या लेखांत तो जसा आहे तसा बघितला तर पाली किंवा संस्कृतातल्या कुठल्याच शब्दाशी त्याचं नातं लागत नाही. 'क्ल' हा जोडवर्ण जुन्या बर्मीच्या स्वतःच्या ठेवणीतला आहे. सभोवतीचे इतके शब्द बाहेरून आलेले, आणि मधला, ज्यावर अख्खा व्यवहार उभा, तो घरचा.

गोरखचिंच

मी कुठेतरी वाचलं होतं की क्यात म्हणजे 'घट्ट', 'अडचणीत असलेला'. म्हणजे पैशाची चणचण! ते खरं आहे का?

अपर्णा_पाली

गोरखचिंच, तसा शब्द आहे. त्याच अक्षरांत लिहिला जाणारा 'चॅ' म्हणजे घट्ट, दाटीवाटीचा. त्यावरूनच बनलेला 'चॅटी' म्हणजे हलाखीत असणं, ओढाताण होणं. बर्मी माणसं या दोन शब्दांवर कोटी करत असतीलही. पण उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. नाण्याचं नाव वजनावरून आलं याला शिलालेखांचा आधार आहे, आणि मंडईतलं वजन समोर आहे. आपल्याकडे 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी देणं, म्हणून सरकार हात पसरतं असं कोणी म्हणेल, त्यातलाच प्रकार.

सराफकट्टा

आमची पिढीजात सराफी. तराजू यांनी दिलेला 16.33 ग्रॅमचा आकडा वाचला आणि लगेच वहीत हिशेब मांडला.

आज दुकानात तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात, पण जुना तोळा 11.664 ग्रॅमचा. त्याला 1.4ने गुणा, 16.33 येतात. म्हणजे एक चॅथा म्हणजे बरोबर एक तोळा आणि तोळ्याचे चार दशांश. पेइथा म्हणजे बरोबर 140 तोळे. इतकं नेमकं जुळतं ते योगायोगाने नाही. इंग्रजांनी ब्रह्मदेशातली मापं तोळ्याच्या पट्टीवर बसवून घेतली असणार.

पण त्याखालची मापं बघा. तिथल्या सोनारांत आजही एक चॅथा म्हणजे सोळा 'पे', आणि एक पे म्हणजे आठ 'य्वे'. म्हणजे चॅथ्यात 128 य्वे. 16.33ला 128ने भागा, साधारण 0.128 ग्रॅम येतात. आपली गुंज 0.12च्या आसपास. य्वे म्हणजेही लाल बीच! गुंजेचीच जात, आणि मोठ्या मापासाठी रतनगुंजेची. माझ्या आजोबांच्या पेटीत पितळी डबीत गुंजा होत्या, काळा डोळा असलेल्या. मंडालेच्या सोनाराच्या पेटीतही त्याच असणार.

आणि 'पे' म्हणजे बर्मीत कडधान्याचा दाणा. आमच्या मापात 'मासा' आहे, तो 'माष'वरून, म्हणजे उडीद. सोनं तोलायला बी आणि डाळ यांच्यापलीकडे माणूस कुठेच गेला नाही.

बंदरावरचा

सराफकट्टा, उडदाचा विषय काढलात म्हणून सांगतो. उडदाला बर्मीत 'मॅ-पे' म्हणतात. आपल्याकडे ब्रह्मदेशातून येणारा उडीद घाऊक बाजारात 'मटपे' या नावाने ओळखतात, तो हाच शब्द. नवी मुंबईच्या बाजारात डाळीच्या व्यापाऱ्यांना विचारा.

सोन्याच्या दुकानात तिथे दर चॅथ्याला लावलेला असतो, ग्रॅमला नाही. आणि शुद्धतेसाठी कॅरटऐवजी पे सांगतात. 'सोळा पे' म्हणजे अस्सल. पंधरा पे, चौदा पे म्हणजे त्यात दुसरा धातू मिसळलेला.

सराफकट्टा

सोळा पे म्हणजे अस्सल! आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो ना, अगदी तेच. धन्यवाद, हे मला माहीत नव्हतं.

तराजू

सराफकट्टा, तुमचा हिशेब पाहून फार बरं वाटलं. पे आणि गुंज यांच्या या नात्यावर एका माणसाने खूप काम करून ठेवलं आहे: रिचर्ड कार्नॅक टेंपल. ब्रह्मदेशात सरकारी अधिकारी होते. बर्मी चलन आणि वजनं यांवरची त्यांची मोठी लेखमाला 'इंडियन अँटिक्वेरी'त आली, आणि हे नियतकालिक आपल्या मुंबईतून निघायचं. त्यांचे वडील सर रिचर्ड टेंपल मुंबईचे गव्हर्नर होते.

आता मुख्य गंमत सांगतो, आणि मी हा धागा काढला तो मुख्यतः यासाठी.

चांदी तोलून द्यायची म्हटलं की दोन प्रश्न येतात: किती, आणि कसली. 'किती'चं उत्तर तराजूकडे. 'कसली'चं उत्तर द्यायला पारखी लागायचा. त्याला 'प्वेझा' म्हणत. 1795 साली मायकेल साइम्स हा इंग्रज दूत आव्याच्या, म्हणजे बर्मी राजाच्या दरबारी गेला, त्याने या व्यवस्थेचं वर्णन केलं आहे. देशात नाणं नाही, चांदीचे तुकडे आणि किरकोळीसाठी शिसं चालतं. प्रत्येक व्यवहारात पारखी मध्ये असतो आणि त्याची दलाली ठरलेली असते.

चांदीच्या प्रतींना नावं होती. 'बॉ' म्हणजे शुद्ध. 'य्वेटनी' म्हणजे थोडं तांबं घातलेली, सर्वमान्य दर्जाची. वितळवून थंड केल्यावर हिच्या पृष्ठभागावर नक्षी उमटायची, फुलापानांसारख्या रेषा. पारखी ती नक्षी बघून सांगायचा की मिसळ किती आहे. इंग्रज तिला 'फुलांची चांदी' म्हणत. राजाची मुद्रा नसलेल्या चांदीवर धातूनेच स्वतःची साक्ष उमटवलेली!

या पद्धतीत खेड्यातला शेतकरी सगळ्यात जास्त नाडला जायचा. त्याच्याकडे तराजू नाही, पारखायची नजर नाही. तांदूळ विकून आलेली चांदी पारख्याकडे नेली की तो सांगेल तोच दर. नाणं लोकांना का हवंसं वाटतं ते इथे कळतं. त्यावरचा शिक्का म्हणजे पारख्याची दलाली वाचली.

अठराव्या शतकाच्या शेवटी बोडोपया राजाने नाणी पाडायचा प्रयत्न केला. दोन मासे कोरलेली ती नाणी. लोकांनी ती स्वीकारली नाहीत आणि चांदीचे तुकडेच चालत राहिले. यशस्वी झाला तो मिंडोन. 1865मध्ये मंडालेत यंत्रांची टांकसाळ सुरू झाली. नाण्याच्या एका बाजूला पिसारा फुलवलेला मोर, दुसऱ्या बाजूला किंमत. चांदीच्या या सगळ्या नाण्यांवर साल एकच: बर्मी 1214, म्हणजे इसवी सन 1852-53, मिंडोनच्या राज्यारोहणाचं.

त्या नाण्यावर किंमत कशी लिहिली आहे? 'एक चॅट म्हणून वापरायचं नाणं'. 'हा एक चॅट आहे' असं लिहिलेलंच नाही! आणि ते खरंही आहे. कारण नाण्याचं वजन 16.33 ग्रॅम नाही. ते आहे रुपयाएवढं, साधारण 11.66 ग्रॅम. शेजारी इंग्रजांच्या ताब्यातल्या खालच्या ब्रह्मदेशात रुपया चालत होता. व्यापार तिकडेच. म्हणून मिंडोनने आपलं नाणं रुपयाच्या तोलाचं ठेवलं आणि त्याला नाव जुन्या वजनाचं दिलं. त्या दिवसापासून चॅट आणि चॅथा यांची ताटातूट झाली. एक वजन राहिलं, दुसरं नाणं झालं.

सराफकट्टा

म्हणजे मिंडोनचा चॅट म्हणजे नेमका आपला एक तोळा चांदी! रुपयाभार म्हणतात ते हेच.

मोरपीस_७८

प्रश्न: चॅटचे शंभर 'प्या' होतात ना? मग ते पे, मू वगैरे कुठे गेले?

तराजू

मोरपीस, शंभर प्या 1952 नंतरचे. मिंडोनच्या वेळी एक चॅट म्हणजे सोळा पे आणि एक पे म्हणजे चार प्या. दोन पेंचा एक मू, चार पेंचा एक 'मॅ'. आपल्या रुपया-आणे-पैशांशी जोडून पाहा: सोळा आणे, आण्याचे चार पैसे. सरळ जोडी लागते. 'प्या' म्हणजे बर्मीत चपटं.

बोलण्यात जुनी नावं टिकली. पंचवीस प्यांना 'एक मॅ' म्हणायचे, जसं आपण चार आणे म्हणायचो. पन्नास प्यांना म्हणतात 'ङा-मू', म्हणजे पाच मू. आता हिशेब करा. सोळा पेंच्या पद्धतीत अर्ध्या चॅटचे चार मू होतात, पाच नाही. पाच मू कुठून आले? तर जुन्या वजनाच्या एका पद्धतीत चॅटचे वीस पे, म्हणजे दहा मू असत. तो हिशेब या एका नावात शिल्लक राहिला.

रत्नागिरीकर_सई

मी रत्नागिरीची. थिबा पॅलेस आमच्या शाळेच्या वाटेवर. तुम्ही मोराचं नाणं म्हणालात आणि मला थिबाची आठवण झाली. तो मिंडोनचाच मुलगा. 1878ला गादीवर आला, 1885ला इंग्रजांनी मंडाले घेतलं, आणि 1886मध्ये त्याला राणी सुपायालात आणि मुलींसह रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910ला, त्याआधी ते भाड्याच्या बंगल्यांत राहत होते. 1916च्या डिसेंबरात तो इथेच गेला. त्याची समाधी आजही आहे.

मला हे विचारायचं आहे: मोराच्या नाण्यांचं पुढे काय झालं? आणि थिबाला इथे खर्चाला मिळायचं ते अर्थातच रुपयांत असणार ना?

तराजू

सई ताई, हो, इंग्रज सरकारचं निवृत्तिवेतन रुपयांत. ते त्याला पुरायचं नाही, म्हणून सोबत आणलेली रत्नं विकावी लागली हे तुम्हा रत्नागिरीकरांना माहीतच आहे. मोराची नाणी 1889च्या सुमारास चलनातून गेली आणि सगळीकडे रुपया आला. म्हणजे चॅट हे नाव धारण करणारं नाणं पाव शतकसुद्धा टिकलं नाही.

तुम्ही रत्नागिरीच्या म्हणून आणखी एक सांगतो. मिंडोनच्या नाण्यावर मंडालेचं दरबारी नाव आहे, 'यदनाबों'. त्यात 'यदना' म्हणजे पाली 'रतन' आणि 'पों' म्हणजे ढीग. रत्नांच्या राशीच्या नगरीतल्या राजाला इंग्रजांनी रत्नांच्या गिरीवर आणून ठेवलं.

रत्नागिरीकर_सई

अंगावर काटा आला. हे मी पुढच्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांना सांगणार.

मोरपीस_७८

टिळक मंडालेला होते तेव्हा तिथे रुपयाच चालत असणार मग?

तराजू

हो. लोकमान्य 1908 ते 1914 तिथे होते आणि ब्रह्मदेश 1937पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. रुपया, आणा, पै, सगळं इथलंच. पण बर्मी माणूस आपल्या भाषेत रुपयालाही 'चॅट'च म्हणत राहिला. नाणं गेलं, नाव गेलं नाही. नोटांविषयी कोणी सांगाल का?

नाशिकची_नोट

मी सांगते. नोटा जमवते, आणि माहेर नाशिकरोडचं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

1 एप्रिल 1937ला ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, पण त्याची मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच राहिली, 1947च्या मार्चअखेरपर्यंत. आधी भारतीय नोटांवर 'फक्त ब्रह्मदेशात चलनी' असा इंग्रजी शिक्का मारून त्या तिकडे चालवल्या. 1938पासून रिझर्व्ह बँकेने ब्रह्मदेशासाठी वेगळ्या नोटा काढल्या. युद्धात जपानी आले, त्यांनी आपल्या नोटा छापल्या, त्या युद्धानंतर रद्दी झाल्या. 1945ला ब्रिटिश लष्करी प्रशासनाने पुन्हा भारतीय नोटांवर शिक्के मारले, 1947ला बर्मा करन्सी बोर्डाने मारले. 1928पासून भारताच्या नोटा नाशिकलाच छापल्या जात होत्या, त्यामुळे या शिक्केवाल्या नोटांचा कागद नाशिकरोडच्या छापखान्यातून गेलेला.

माझ्याकडे 1945च्या शिक्क्याची पाच रुपयांची एक नोट आहे. सहाव्या जॉर्जचं चित्र, रंग उडालेला, आणि लाल अक्षरांचा शिक्का. शिक्का किंचित तिरका बसलाय. घाईत मारलेला असावा, सैन्य पुढे सरकत होतं. मागच्या बाजूला भारतीय भाषांची रांग आहे, ती न्याहाळायला मला अजून आवडतं.

चॅट नोटेवर परत आला तो 1 जुलै 1952ला. रुपयाच्या जागी, एकास एक दराने. स्वातंत्र्य मिळालं 4 जानेवारी 1948ला, म्हणजे तोपर्यंत स्वतंत्र देशाचं चलन रुपयाच होतं. दशमान पद्धतही त्याच दिवशी आली, शंभर प्यांचा चॅट. आपल्याकडे नवे पैसे 1957ला आले, ते आपल्याआधी पाच वर्षं पुढे गेले.

गोरखचिंच

नाशिकची नोट ताई, त्या 45 आणि 90च्या नोटांबद्दल ऐकलंय. त्या खऱ्या आहेत का?

नाशिकची_नोट

खऱ्या आहेत, आणि त्यामागची गोष्ट फार क्लेशाची आहे.

लष्करशहा ने विन यांच्या राजवटीत तीन वेळा नोटा रद्द झाल्या. 1964ला पन्नास आणि शंभरच्या. तेव्हाच राष्ट्रीयीकरणात दुकानं गेलेली अनेक भारतीय कुटुंबं हात हलवत परत आली. 1985ला पुन्हा मोठ्या नोटा रद्द, आणि नव्या नोटा आल्या त्या 75च्या, ने विन यांच्या पंचाहत्तरीनिमित्त काढल्या असं सांगतात. पुढे 15 आणि 35 आल्या. 5 सप्टेंबर 1987ला 25, 35 आणि 75च्या नोटा एका घोषणेने रद्द केल्या, आणि या वेळी बदलून द्यायचीही सोय नाही. त्याच महिन्यात 45 आणि 90च्या नोटा काढल्या. दोन्ही नऊने भाग जाणाऱ्या. नऊ हा ने विन यांचा शुभ अंक मानला जायचा.

परीक्षेची फी भरायला आणलेले पैसे विद्यार्थ्यांच्या हातात कागद होऊन राहिले. रंगूनमध्ये विद्यार्थी तेव्हाच रस्त्यावर आले. पुढच्या वर्षीच्या 8 ऑगस्ट 1988च्या उठावाची एक मुळी इथे आहे. माझ्या संग्रहात 90ची नोट आहे. तिच्यावर शेतकरी नेता सया सान यांचं चित्र आहे. 45च्या नोटेवर तेलक्षेत्रातल्या कामगारांचा पुढारी. गरिबांची चित्रं छापायची आणि गरिबांचीच पुंजी बुडवायची, याचा मला अजून राग येतो.

बंदरावरचा

त्यानंतर लोकांनी नोटेवर विश्वास ठेवणं सोडलं ते सोडलंच. मी पाहिलेल्या घरांत बचत म्हणजे सोनं. थोडे पैसे साठले की अर्धा चॅथा, पाव चॅथा, तेही नाही जमलं तर एक-दोन पे.

सरकारी दरही वर्षानुवर्षं कागदावरचाच होता. डॉलरला सहा चॅट सरकारी, आणि बाजारात हजाराच्या आसपास. 1 एप्रिल 2012ला सरकारने तो हट्ट सोडला आणि डॉलरला 818 चॅट जाहीर केले. 2021च्या लष्करी उठावानंतर पुन्हा घसरण लागली. 2022मध्ये सरकारी दर 2,100ला बांधला, बाजारातला त्याहून कितीतरी वर गेला.

अपर्णा_पाली

आत्ता लक्षात येतं की लोक परत तराजूकडेच गेले. नोटेवरच्या चॅटने दगा दिला, पण सोनाराकडचा चॅथा 16.33 ग्रॅमचा तो 16.33 ग्रॅमचाच.

गोरखचिंच

धाग्यामुळे घरातली एक वस्तू काढून पाहिली. पणजोबा रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. त्यांनी आणलेला एक पितळी पक्षी आमच्या देवघराच्या फळीवर असायचा. आम्ही त्याला बदक म्हणायचो. चोच खाली झुकलेली, पाठीवर कडी, बैठक सहा कोनांची, खालच्या कोपऱ्यात चांदणीसारखी खूण. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, 162 ग्रॅम भरला. हे काय असावं?

तराजू

गोरखचिंच! तो बदक नाही, हंस आहे. बर्मीत 'हिंथा', पाली 'हंस'च. ते दहा चॅथ्यांचं वजन आहे. दहा चॅथा म्हणजे 163.3 ग्रॅम, झीज धरली तर तुमचा काटा अगदी बरोबर सांगतो आहे. बाजारात यांना 'अफूची वजनं' म्हणून विकतात, पण ते नाव परदेशी ग्राहकांसाठी पडलेलं आहे. यांनी चांदी, मसाले, औषधं, सगळंच तोललं जायचं. शंभर चॅथ्यांच्या पेइथापासून एका चॅथ्यापर्यंत पूर्ण संच असायचा. काही संच हंसाचे, काही सिंहासारख्या प्राण्याचे. बैठकीचा आकार आणि खालची खूण यांवरून अभ्यासक काळ ठरवतात.

कृपया त्याला लिंबू-चिंच लावून चकचकीत करू नका. घासलं की वजनही जातं आणि खूणही. बैठकीचा खालून फोटो टाकलात तर खूण नीट बघता येईल.

सराफकट्टा

गोरखचिंच, स्वयंपाकघरातला काटा दोन-तीन ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो. जवळच्या सराफाकडे न्या आणि दोन दशांशांपर्यंत वजन घ्या. आकडा इथे टाका, म्हणजे किती झीज झाली तेही काढता येईल.

गोरखचिंच

शनिवारी नेतो. फोटो आणि वजन दोन्ही टाकतो. आईला विचारलं, ती म्हणाली असाच एक छोटा पक्षी काकांकडेही होता. त्यांनाही फोन करतो.